कागदाविना माणूस : शहापूर-मुरबाडचे स्थलांतरित कातकरी आणि ख्रिस्ती श्रद्धेची दृष्टी

'कागदपत्रांविना स्थलांतरित' हे शब्द कानी पडले की आपल्या डोळ्यांपुढे दूरदेशीची चित्रे उभी राहतात. भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या होड्या दिसतात, काटेरी कुंपणे दिसतात, सीमेवर अडवलेली कुटुंबे दिसतात. पोप फ्रान्सिस ८ जुलै २०१३ रोजी इटलीच्या लाम्पेदुसा बेटावर गेले आणि समुद्रात बुडालेल्या निर्वासितांसाठी त्यांनी प्रार्थना केली, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले. तथापि आपल्याकडील अनेक श्रद्धावंतांच्या मनात हा प्रश्न परक्या देशांचाच राहिला.

वस्तुतः तो आपल्या अंगणातलाही आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत, शेणवा, किन्हवली, डोळखांब या परिसरातील वाड्यापाड्यांवर अशी माणसे राहतात, ज्यांनी कोणत्याही देशाची सीमा ओलांडलेली नाही. त्यांच्या कित्येक पिढ्या याच डोंगरांच्या कुशीत जन्मल्या आणि याच मातीत मिसळल्या. तरीही त्यांतील अनेकांपाशी आपण इथले आहोत हे सिद्ध करणारा कागद नसतो. वर्षातील सहा-सात महिने ते पोटासाठी दुसऱ्यांच्या गावी असतात आणि तिथे ते परके ठरतात. परत यावे, तर आपल्या गावातही त्यांची नोंद पूर्ण नसते. हा कातकरी समाज होय. त्याच्या वाटेतील अडसर कोणते आणि आपली श्रद्धा त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावयास सांगते, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

कातकरी समाजाची ओळख

खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, सोन काथोडी अशी त्यांची नावे येतात. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, विशेषतः रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत त्यांची वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील त्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. केंद्र शासनाने ज्या ७५ जमातींना विशेष असुरक्षित आदिम जमाती मानले आहे, त्यांपैकी तीन महाराष्ट्रात आहेत. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबरची तिसरी जमात कातकरी ही आहे.

१८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव होऊ लागली, तसतशी खैराच्या झाडावरील त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आक्रसत गेली. कात पाडण्याचा धंदा हातून गेला. शेजारचे ठाकूर, महादेव कोळी आणि वारली यांच्यापैकी अनेकांपाशी थोडीबहुत शेती आहे, परंतु कातकरी बहुतांशी भूमिहीन राहिला. त्याची वाडी पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर असते. घर उभे असते, पण घराखालची जमीन त्याची नसते. पुढे येणाऱ्या अनेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

पावसाळ्यानंतरची वाट

शहापूर तालुका मुंबईची तहान भागवतो. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेले भातसा धरण याच तालुक्यात आहे. तरीही उन्हाळा आला की तालुक्यातील कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळी भातशेती संपली की गावात काम उरत नाही. मग मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. कुणाच्या घरी आजारपण असते, कुणाकडे लग्न असते, कुणापाशी दिवाळीपुरतेही धान्य नसते. उचल घेतली की त्या हंगामाचा शब्द दिला गेला.

दिवाळीनंतर भांडीकुंडी, कोंबड्या आणि मुले घेऊन कुटुंबे निघतात. कुणी भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल भागातील वीटभट्ट्यांवर जातात, तर कुणी कोळसाभट्टीच्या कामासाठी घाटापलीकडे. वीटभट्टीवर मजूर एकेकटा मोजला जात नाही. नवरा-बायकोची 'जोडी' मोजली जाते. माती कालवणे, विटा थापणे, त्या वाळवणे आणि भट्टी रचणे या कामांचा दर हजार विटांवर ठरतो. दर आठवड्याला हाती पडते ती केवळ खर्ची, म्हणजे मीठ-मिरचीपुरते पैसे. खरा हिशोब पावसाच्या तोंडावर होतो. त्या हिशोबात उचल, खर्ची, औषधपाणी असे सारे वजा होते. पुष्कळदा शिल्लक राहण्याऐवजी बाकीच निघते आणि ती पुढच्या वर्षीच्या हंगामाला बांधली जाते. लिहिता-वाचता न येणाऱ्याला ही वही तपासता येत नाही. त्याच्या आयुष्यातला सर्वांत सामर्थ्यशाली कागद दुसऱ्याच्या हाती असतो.

कागद का मिळत नाही?

'सरकार एवढ्या योजना देते, मग हे लोक कागदपत्रे का करून घेत नाहीत?' असा प्रश्न आपल्यातील सुशिक्षित माणसे सहज विचारतात. त्याचे उत्तर आळसात नाही. आपली नोंदव्यवस्था एका जागी राहणाऱ्या माणसासाठी बांधलेली आहे आणि कातकऱ्याला भूक एका जागी राहू देत नाही, हे त्याचे उत्तर आहे.

प्रथम जन्माची नोंद पाहू. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मूल जिथे जन्मते तिथेच त्याची नोंद होते. दवाखान्यात जन्म झाला तर दवाखाना कळवतो. घरी झाला तर घरच्यांनी २१ दिवसांत कळवावयाचे असते. वीटभट्टीवरच्या भोंग्यात, म्हणजे विटांच्या आणि गवताच्या तात्पुरत्या झोपडीत, जन्मलेल्या बाळाची नोंद त्या भट्टीच्या गावी व्हावी लागते. त्या गावात त्याच्या आईबापांना कुणी ओळखत नसते. हंगाम संपवून ते आपल्या वाडीवर येतात तेव्हा मुदत टळलेली असते, आणि वाडीच्या ग्रामपंचायतीला ती नोंद घेता येत नाही. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तर त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरवला आहे. शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत सारे त्यावर उभे राहणार आहे. भोंग्यात चुकलेली ती एक नोंद आता जन्मभर पाठलाग करील.

दुसरा कागद जातीच्या दाखल्याचा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी आपले कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून या राज्यात राहत होते याचा पुरावा लागतो. ज्याच्या आजोबाने शाळा पाहिली नाही, ज्याच्या नावे सातबारा कधी झाला नाही, त्याने तो कुठून आणावा? डोंगराने पाहिले आहे, ओढ्याने पाहिले आहे. पण त्यांची साक्ष कचेरीत चालत नाही.

तिसरा कागद शिधापत्रिकेचा. आदिम जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय योजनेत सामावून घ्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. आता कोणत्याही गावच्या दुकानातून धान्य घेण्याची सोय झाली असली, तरी त्यासाठी आधारची जोडणी आणि अंगठ्याचा ठसा लागतो. वर्षानुवर्षे माती कालवून आणि विटा उचलून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा ठसा यंत्र अनेकदा ओळखत नाही. ज्या हातांनी आपली घरे उभी केली, त्या हातांना यंत्र म्हणते की हा माणूस तो नव्हे.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनजाती आदिवासी न्याय महाअभियानात, म्हणजेच पीएम-जनमन योजनेत, आधार, जातीचा दाखला, बँकखाते यांसाठी पाड्यांवरच शिबिरे भरवण्याची तरतूद झाली. हे स्वागतार्ह पाऊल होय. परंतु शिबिराच्या दिवशी जे कुटुंब भट्टीवर असते, त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही. कागद वाडीवर येतो तेव्हा माणूस वाटेवर असतो.

अदृश्य भिंती

कागदाच्या भिंतीपेक्षा मनाची भिंत अधिक जाड असते. चोरी झाली की प्रथम कातकऱ्याकडे बोट दाखवण्याची खोड अजून गेलेली नाही. त्याच्या आहाराची, त्याच्या बोलीची, त्याच्या अंगावरच्या कपड्यांची चेष्टा होते. शाळेत त्याचे मूल मागच्या रांगेत बसते आणि दिवाळीनंतर पटावरून हळूच नाहीसे होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाचीही सोय आहे. तरीही भट्टीजवळच्या शाळेच्या दारात आई एकटी उभी राहिली, तर तिला हे कोण सांगणार?

कागद नसणे म्हणजे दिसेनासे होणे, आणि जो दिसत नाही त्याचे काहीही होऊ शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये कसारा घाटापलीकडील इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मेंढ्या राखण्यासाठी वेठीस ठेवल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यातील एका बालिकेच्या मृत्यूने ते समाजापुढे आले. शहापूरहून हा भाग फार दूर नाही.

कायदा काय म्हणतो?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारी निषिद्ध ठरवली आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ मध्ये झाला आणि अशा कामाशी बांधलेली कर्जे त्याने रद्दबातल ठरवली. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, किमान वेतनाहून कमी वेतनात करावे लागणारे कामही सक्तीचे कामच होय.

एक उणीव मात्र ध्यानात घेतली पाहिजे. स्थलांतरित मजुरांसाठीचा १९७९ चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतील व्याख्याही आंतरराज्य मजुरांचीच आहे. शहापूरहून भिवंडीला गेलेला कातकरी त्या व्याख्येत बसत नाही. परदेशी गेलेल्याला निदान परका म्हणून एक नाव असते. याला तेही नाही.

आपल्या परिसरात या अन्यायाविरुद्ध काम झालेले आहे. वसई तालुक्यातून उभ्या राहिलेल्या विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना यांनी १९८० च्या दशकापासून ठाणे जिल्ह्यातील वेठबिगारांच्या मुक्ततेसाठी लढा दिला. भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. त्यांचे संस्थापक विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना १९९९ चा गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय पुरस्कार लंडन येथील संस्थेने दिला. भिंती पडू शकतात, हे या कामाने दाखवले आहे.

पवित्र शास्त्राची दृष्टी

आता श्रद्धेकडे वळू. देवाच्या प्रजेची कथाच मुळी स्थलांतराची आहे. अब्राहाम आपला देश सोडून निघाला. इस्राएल लोक मिसर देशात परके होते आणि तिथे त्यांच्याकडून वेठीने करून घेतलेले काम विटा पाडण्याचे होते, हे निर्गमच्या पुस्तकाचे पहिले अध्याय आपल्याला सांगतात. पाचव्या अध्यायात फारोने गवत देणे बंद केले, पण विटांची संख्या कमी करू दिली नाही. वीटभट्टीवरच्या हिशोबाची ही जगातील एक जुनी नोंद म्हणावी लागेल. त्या आक्रोशाकडे परमेश्वराने लक्ष दिले आणि आपल्या तारणाचा इतिहास तिथून पुढे गेला.

म्हणूनच लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या लोकांना परक्यावर स्वतःसारखी प्रीती करावयास सांगतो आणि तुम्हीही एके काळी परके होता याची आठवण देतो. अनुवादच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे. संत याकोबाच्या पत्रात रोखून धरलेल्या मजुरीची आरोळी थेट परमेश्वराच्या कानी जाते. या वचनांपुढे हंगामाच्या शेवटापर्यंत लांबवलेला हिशोब ठेवून पाहावा, म्हणजे आणखी भाष्याची गरज उरणार नाही.

नाताळचे शुभवर्तमान आपण दरवर्षी ऐकतो. त्याची सुरुवात एका नावनोंदणीने होते. कैसराच्या हुकुमामुळे संत योसेफ गर्भवती मरियेला घेऊन मूळ गावी निघाला आणि तारणाऱ्याचा जन्म वाटेवर, दुसऱ्याच्या जागेत झाला. कागदासाठी कामावरची मजुरी बुडवून मूळ गावी जाणारे आणि तिथून रिकाम्या हाती परतणारे जोडपे आपल्या काळातही त्याच वाटेने चालत असते. पुढे हेरोदाच्या भयाने पवित्र कुटुंब रातोरात मिसर देशी गेले. तिथे त्यांना कुणीतरी थारा दिला असेल. शुभवर्तमानात त्याचे नाव नाही. ते नाव आपले असू शकते. संत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला विचारील ते परक्याला घरात घेतले का, हे. त्याच्यापाशी कागद होता का, हे तो विचारणार नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

१९१४ पासून ख्रिस्तसभा स्थलांतरितांसाठी वर्षातील एक दिवस राखून ठेवते. १९५२ मध्ये पोप बारावे पायस यांनी स्थलांतरितांच्या आध्यात्मिक सेवेविषयी विशेष दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि त्यात नाझरेथच्या निर्वासित कुटुंबाला सर्व निर्वासितांचा आदर्श मानले. १९९६ च्या स्थलांतरित दिनासाठी संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी कागदपत्रांविना राहणाऱ्यांचाच विषय निवडला. कायद्यातील स्थिती अनियमित असली तरी माणसाची प्रतिष्ठा त्यामुळे उणी होत नाही, असा त्या संदेशाचा आशय होता. पोप फ्रान्सिस यांनी चार क्रियापदे दिली: स्वागत करणे, संरक्षण करणे, विकासाला हातभार लावणे आणि आपल्यात सामावून घेणे.

८ फेब्रुवारीला आपण संत जोसेफिन बखिता हिचा स्मृतिदिन साजरा करतो. सुदानमधून बालपणी पळवून नेलेल्या या मुलीला आईवडिलांनी ठेवलेले नावही आठवेनासे झाले होते. 'बखिता' हे नाव तिला धरून नेणाऱ्यांनी दिले. १८८९ मध्ये इटलीतील न्यायालयाने ती गुलाम नाही असा निर्णय दिला. १ ऑक्टोबर २००० रोजी ख्रिस्तसभेने तिला संतपद दिले. जिचे नाव माणसांच्या कोणत्याही वहीत उरले नव्हते, तिचे नाव आज संतांच्या यादीत आहे. माणूस आधी, कागद नंतर. या शिकवणीचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते असेल?

तथापि याचा अर्थ कागद क्षुद्र आहे असा नव्हे. आपल्या धर्मग्रामांत बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात. त्या वहीतील एका ओळीवर आपल्यातील कितीजणांची वये, नाती, वारसाहक्क सिद्ध झाले आहेत! नोंदीचे मोल आपल्याला कुणी शिकवावयास नको. जे आपल्याला पूर्वजांच्या कृपेने सहज मिळाले, ते शेजाऱ्याला मिळवून देणे हे प्रेमाचेच कार्य आहे.

आपण काय करू शकतो?

वीटभट्ट्या आपल्यापासून दूर नाहीत. त्यांतील कित्येक आपल्या धर्मग्रामांच्या हद्दीत आहेत, आणि त्यांच्या विटा आपल्या घरांच्या, काही ठिकाणी आपल्या मंदिरांच्याही भिंतींत आहेत. म्हणून काही गोष्टी आम्ही सुचवू इच्छितो.

आपल्या लहान ख्रिस्ती समूहाने दिवाळीनंतर जवळच्या भट्टीवर एकदा जावे. किती कुटुंबे आली, कोणत्या गावची, किती मुले, कुणी गर्भवती आहे का, याची विचारपूस करावी. बाळ जन्मले तर २१ दिवसांच्या आत त्याच भट्टीच्या गावी नोंद होईल असे पाहावे. हे काम शेणव्याचा धर्मग्राम करू शकणार नाही. ते भट्टीजवळच्या माणसांनाच करावे लागेल. मुलांना जवळच्या शाळेत नेऊन दाखल करावे. धान्य दुकानात अंगठा उमटत नसेल तर सोबत जाऊन दुसऱ्या मार्गाची मागणी करावी. शहापूर-मुरबाडकडील बांधवांनी तिकडच्या वाड्यांवर जातीच्या दाखल्यांची शिबिरे स्थलांतराआधी, म्हणजे पावसाळ्यातच व्हावीत म्हणून तहसील कार्यालयाकडे पाठपुरावा करावा. आपल्यापैकी जे स्वतः भट्टीमालक वा बांधकाम व्यावसायिक आहेत, त्यांनी हिशोबाची प्रत मजुराच्या हाती द्यावी आणि मजुरी महिन्याच्या महिन्याला चुकती करावी. उपवासकाळातील कोणत्याही उपवासाहून ते प्रभूला अधिक प्रिय होईल.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ही मदत धर्माच्या अटीविना असावी. प्रीतीचे कार्य दुसऱ्या हेतूचे साधन होऊ नये, असे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात बजावले आहे. कातकरी बांधव आपल्या दैवतांसह, आपल्या बोलीसह आपला शेजारी आहे, आणि शेजारी म्हणूनच तो आपल्या प्रेमाचा अधिकारी आहे. जे आधीच या क्षेत्रात काम करीत आहेत, मग ते कोणत्याही विचाराचे असोत, त्यांच्या खांद्याला खांदा लावावा.

मे महिन्याच्या अखेरीस भट्ट्या विझतात. भांडीकुंडी टेम्पोत चढतात आणि कुटुंबे शहापूर-मुरबाडच्या वाटेला लागतात. त्या टेम्पोत एखादे नवे बाळ असेल. त्याच्या आईच्या पिशवीत जन्माचा दाखला असेल की नसेल, हे पुष्कळ अंशी आपल्यावर अवलंबून आहे. परमेश्वराने त्या बाळाचे नाव आपल्या तळहातावर कोरले आहे, अशी आपली श्रद्धा आहे. ते नाव पृथ्वीवरच्या वहीत लिहिले जाईपर्यंत त्याच्या आईच्या सोबतीने कचेरीच्या पायऱ्या चढण्याचे बळ प्रभूने आपल्याला द्यावे, हीच प्रार्थना.